सारंग श्यामराव आणि चोवीस मिनिटं

श्यामराव खडप्यांनी कलकत्त्यात बंगालीण ठेवली आहे, ही बातमी आमच्या इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा कुणी आणली ते मी सांगणार नाही. आणणारा माणूस अजून हयात आहे आणि सध्या हे लिहितो आहे.

पण बातमीला आधार होता, हे तुम्हीही कबूल कराल. चाळिशीतला धट्टाकट्टा माणूस. नियमित पगार. जयगडला बायको आणि मुलगी. आणि तीन-चार वर्षं झाली तरी त्यांना इकडे आणायचं नाव नाही. शिवाय रोज सकाळी घाटावरच्या कोळणीशी हिल्सा माशाच्या भावावरून हसत हसत अर्धा तास भांडायचा. हसत हसत भांडणारा पुरुष आमच्या मंडळात दुसरा नव्हता, त्यामुळे संशय साहजिक होता.

खरी गोष्ट मला नंतर कळली, आणि ती इतकी रूक्ष होती की मी काही दिवस ती कुणाला सांगितलीच नाही. श्यामराव हंगामी होता. फाळणी झाली तेव्हा हुगळीवरच्या बोटींचे कितीतरी सारंग आपापल्या गावी, म्हणजे आता पाकिस्तानात, निघून गेले. सारंग म्हणजे बोटीचा कारभारी. सुकाणू त्याच्या हाती आणि खलाशी त्याच्या हुकमात. त्या रिकाम्या जागांपैकी एकीवर हा जयगडचा माणूस मुंबईहून येऊन लागला. कंपनीने घाटामागे सारंगासाठी दोन खोल्यांचं क्वार्टर बांधलं होतं. दारात पेरूचं झाड होतं, पण दाराला कुलूप. क्वार्टर मिळायचं ते कायम झालेल्या सारंगाला. तोवर श्यामराव बोटीच्या मागच्या अंगाला, दोरखंडांच्या खोलीत झोपायचा. त्याची बायको कालिंदी हिने लिहून कळवलं होतं, "कुलूप उघडलं की न्यायला या. दोरखंडांत संसार मांडायला मी खलाशी नाही."

तर श्यामरावाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कायम केल्याचा कागद.

त्याच्या बोटीचं नाव 'सरयू'. खिदिरपूरच्या गोद्या ओलांडून पुढे गेलं की एक घाट होता, तिथून ती सुटायची आणि नदीपलीकडे बोटॅनिकल बागेच्या अंगाला लागायची. हावड्याचा नवा पूल झाला होता खरा, पण इकडच्या गिरण्यांच्या ट्रकांना तो फार लांबचा वळसा. म्हणून ते सरयूवर चढायचे. पोटात वाफेचं इंजिन, वर सपाट डेक, दोन्ही टोकांना उतरत्या फळ्या. तीन ट्रक, दोन मोटारी, एखादी बैलगाडी आणि शंभर-सव्वाशे माणसं. ट्रक मधोमध, मोटारी कडेला, चाकांखाली लाकडी पाचरी. आणि बैल दिसला की श्यामराव स्वतः खाली उतरून त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा. मी विचारलं, "का हो?" तर म्हणाला, "त्याला पाणी दिसलं की तो सल्ले द्यायला लागतो."

आता घाटावरच्या घड्याळाबद्दल सांगतो, कारण पुढे सगळं त्याच्यावर येणार आहे. कलकत्त्याची वेळ पूर्वी वेगळी होती. साऱ्या हिंदुस्थानापेक्षा चोवीस मिनिटं पुढे. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती बंद केली आणि शहरातली घड्याळं चोवीस मिनिटं मागे घेतली. एक सोडून. आमच्या घाटावर मनोहरबाबू म्हणून तिकिटं फाडणारे घाटबाबू होते. त्यांनी हात लावू दिला नाही. म्हणायचे, "सरकारने वेळ बदलली असेल, सूर्याने मला काही कळवलेलं नाही." रोजची माणसं त्या घड्याळाकडे बघून चोवीस वजा करायची आणि चालू लागायची. त्याची कुणाला अडचण नव्हती.

श्यामरावाला तर घड्याळच लागत नसे. तो भरती-ओहोटी तिथीवर मोजायचा. कोकणातला हा जुना हिशोब. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, घरची पोरं पाढ्यांआधी हा हिशोब शिकतात.

एकोणपन्नास सालच्या माघी चतुर्थीला आमच्या मंडळाची सहल बोटॅनिकल बागेत निघाली. एक आख्खी बस सरयूवर चढवली. श्यामराव नवा होता, आपली माणसं बघून खुलला होता. नदीच्या मध्ये एक गाळाची पट्टी आहे. भरतीत तिच्यावरून सरळ जाता येतं, नाहीतर लांबून वळसा. दुपारचे तीन वाजत आले होते. श्यामरावाने बोटांवर हिशोब केला आणि ऐटीत म्हणाला, "आज वळसा नको. सरळ नेतो, भरपूर पाणी असेल."

पाणी नव्हतं. सरयू गाळावर अशी अलगद बसली, जशी म्हातारी पाटावर बसते. कोकणात समुद्र दाराशी असतो, हो! कलकत्ता समुद्रापासून कोसच्या कोस आत. भरती इथवर चालत यायला वेळ लागतो, हे त्या बिचाऱ्याच्या हिशोबात नव्हतंच. पाणी चढून बोट सुटेपर्यंत दीड तास आम्ही नदीच्या मधोमध बसलो, आणि बागेत खायच्या पुरणपोळ्या तिथेच संपवल्या. त्या दिवसापासून मंडळात त्याचं नाव पडलं 'चतुर्थीचा तांडेल'. हेही नाव कुणी पाडलं ते विचारू नका.

नावाचं काही नाही, पण कंपनीच्या फायलीत ओळ चढली: बोट गाळात, कारण सारंगाची चूक. आणि कागद लांबला.

त्यानंतर जयगडहून मंडळाच्या पत्त्यावर कालिंदीची पोस्टकार्डं जास्तच यायला लागली. मंडळाचं ग्रंथालय मी सांभाळत असे, टपालही माझ्याकडेच. पोस्टकार्ड उघडं असतं. डोळे मिटून ते कपाटात ठेवायची कला मला कधी जमली नाही. मोठ्या आशेने मी पहिलं वाचलं. लिहिलं होतं: "षष्ठी, सप्तमी, अष्टमीच्या वेळा मिळाल्या. दशमीची राहिली. पाणी खरं थांबल्यावरच वेळ लिहा, जेवण झाल्यावर आठवून लिहू नका." दुसरं तसंच. तिसरं तसंच. दोन महिने हा इकडून रोजच्या पाण्याच्या वेळा कळवत होता आणि ती चौथी शिकलेली बाई तिकडे बसून मांडणी करत होती. शेवटी निकाल आला: "तिथीची पाऊणपट करून वर दोन तास मिळवा. तुमच्या गावाला समुद्र दोन तास उशिरा पोचतो. बान भरतीच्या आधी तीन तास धरा. इकडे सर्व खुशाल."

बान म्हणजे काय ते सांगायला हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे, विशेषतः पावसाळा सरताना, हुगळीत भरती सावकाश येत नाही. पाण्याची भिंतच समुद्राकडून नदीत घुसते. काठावर ती फुटते आणि जे सापडेल ते आपटते. नदीच्या मध्ये, खोल पाण्यात, ती नुसती उचलून खाली ठेवते. म्हणून बान यायच्या वेळी होडी असो की बोट, सगळ्यांनी घाट सोडायचा, मधोमध जायचं आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. हा नदीचा रिवाज. इंग्रजही तो पाळायचे.

एक्कावन्न साली कंपनीत नवे सुपरिंटेंडंट बदलून आले. विनायकराव वैशंपायन, पुण्याचे. गोरे, इस्त्रीचे, आणि बोलताना दर वाक्याखाली रेघ मारल्यासारखे. आल्या आठवड्यात त्यांनी फाइल मागवली आणि श्यामरावाला समोर उभं केलं.

"खडपे, तुम्ही म्हणे तिथीवर बोट चालवता?"

"बोट वाफेवर चालते, साहेब. तिथीवर फक्त पाणी चालतं."

हे असं उत्तर पुण्याच्या माणसाला देऊ नये. साहेबांनी छापील भरतीचं कोष्टक त्याच्या हातात ठेवलं. "यापुढे हे. आणि घटस्थापनेच्या दिवशी मी स्वतः बोटीवर येईन. तुमचं काम बघेन आणि मगच तुमच्या कागदाचं काय ते ठरवेन."

साहेबांना तोच दिवस सापडला याचं कारण त्यांच्या पत्नी, सुहासिनीबाई. शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मराठी प्राध्यापकांकडे घटस्थापना होती आणि बाईंना पलीकडे जायचं होतं. मंडळाकडून पोथी पोचवायला मी त्यांच्याबरोबर. मोटारीत मागे, मांडीवर नारळांची पिशवी.

घाटावर उतरल्यावर साहेबांनी मनगट कानाशी नेलं. घड्याळ बंद पडलं होतं. रात्री किल्ली द्यायची राहिली होती. त्यांनी वर मनोहरबाबूंच्या घड्याळाकडे पाहिलं, काटे फिरवले, किल्ली दिली. मी पाहिलं. मला ठाऊक होतं. आणि खरं सांगतो, मी मुद्दाम गप्प बसलो. मला वाटलं, साहेब आज दिवसभर सगळीकडे चोवीस मिनिटं आधी पोचतील आणि यजमानांना झापतील. चांगली गंमत होईल. मंडळात सांगायला किस्सा मिळेल. बानाचा विचार माझ्या डोक्यात आलाही नाही. नारळ फार जड होते.

सरयूवरचं घड्याळ महिनाभर दुरुस्तीला गेलेलं. त्यामुळे त्या दिवशी बोटीवर चालणारं घड्याळ एकच होतं, साहेबांच्या मनगटावरचं.

कोष्टकात बान अकरा चाळीसला होता. साहेबांचा बेत साधा. अकरा दहाला सुटायचं, साडेअकराला पलीकडे, मोटार उतरवून मोकळं. पण एका ट्रकावर दुर्गेची मूर्ती होती, पलीकडच्या कुठल्याशा गावच्या पूजेची, अजून डोळे न रंगवलेली. ती बांधाबांध करता करता साहेबांच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले. तरी त्यांनी सोडायला लावलं.

अर्ध्या वाटेवर श्यामरावाने इंजिनखोलीची घंटा वाजवली. सरयू थांबली, हळूहळू वळली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. सगळीकडून होड्या मध्ये येत होत्या.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "बान जाऊ दे, मग जाऊ."

अकरा चाळीस झाले. काही नाही. अकरा पन्नास झाले. नदी कशी शहाण्या मुलीसारखी वाहत होती. पंचावन्नला साहेबांनी रेघ मारली.

"वेळ टळून गेली. आज बान बारीक आला असेल, कळलाही नाही. खडपे, धक्क्याला लावा."

"नाही, साहेब."

मी नारळांसकट मोटारीतून उतरून सुकाणूच्या खोलीच्या शिडीखाली येऊन उभा राहिलो होतो. अशी वाक्यं मला लांबूनही ऐकू येतात.

"नाही म्हणजे?"

"अजून आलेला नाही."

"हे तुमची तिथी म्हणते का?"

"आज प्रतिपदा, तिथी पावणेबारा म्हणते. पण तिथीचं सोडा, ती मला एकदा चिखलात घेऊन गेली आहे." श्यामरावाने खलाशाच्या हातून केळीच्या खुंटाचा तुकडा घेतला आणि नदीत टाकला. "हे बघा. हा समुद्राकडे चालला. म्हणजे ओहोटी अजून चालू आहे. बान येऊन गेला असता तर पाणी फिरलं असतं, हा खुंट कलकत्त्याकडे गेला असता. येऊन गेलेला पाहुणा पाण्याला उलटं फिरवल्याशिवाय जात नाही, साहेब."

साहेबांनी खुंटाकडे पाहिलं नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"हा काय आहे, ओळखता?"

श्यामराव ओळखत होता. चार वर्षं तो कागद त्याच्या स्वप्नात येत होता.

"सही राहिली आहे. पलीकडे पोचलो की करायचं मी ठरवलं होतं. आता तुम्हीच सांगा काय करू."

श्यामराव कागदाकडे बघत राहिला. मला त्याची मान दिसत होती. मानेवरून घाम चालला होता. मग त्याने दोन्ही हात सुकाणूवर ठेवले.

"फाडा, साहेब. डेकवर एकशेदहा माणसं आहेत, आणि देवी आहे. धक्क्याला मी नेणार नाही."

साहेबांनी कागद फाडला नाही. पुण्याचा माणूस कागद फाडत नाही, कागदावर लिहितो. त्यांनी बोटीची रोजनिशी पुढे ओढली आणि शाईने ओळ लिहिली: सारंगाने सुपरिंटेंडंटचा हुकूम मोडला. वेळ अकरा सत्तावन.

एवढ्यात खालून सुहासिनीबाई ओरडल्या, "अहो! लिहिताय काय एवढं? आणि मघाशी घड्याळ बंद होतं ना तुमचं? मग वेळ कुठून आणलीत?"

"घाटावरच्या घड्याळावरून लावली."

 आता मात्र नारळ बाजूला ठेवून मी बोललो. "साहेब, ते घड्याळ... ते चोवीस मिनिटं पुढे असतं. पहिल्यापासून."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बघितलंत यांना काटे फिरवताना?"

"बघितलं."

"मग तोंडात काय होतं तुमच्या? नारळ?"

मी नारळांची पिशवी पुन्हा उचलून घेतली.  साहेब मनगटाकडे बघून मनातल्या मनात वजाबाकी करत होते. अकरा तेहेतीस. अजून सात मिनिटं. म्हणजे आत्ता निघालो असतो तर नेमके फळ्या टाकायच्या वेळी धक्क्याला.

श्यामराव कुणाकडेच बघत नव्हता. तो खलाशांना पाचरी तपासायला सांगत होता, ट्रकवाल्याला मूर्तीची दोरी आवळायला लावत होता, बैलाचं फडकं नीट करायला एकाला पिटाळत होता. मग होड्यांवरून आरोळी उठली. "बान! बान!"

आधी आवाज आला, माळावरून गुरं धावत यावीत तसा. मग नदीच्या वळणावर पांढरी रेघ दिसली. काठाच्या अंगाला ती फुटत, फेसाळत येत होती. सरयूने नाक वर केलं, क्षणभर सगळं आभाळच समोर आलं, पोट खाली गेलं आणि बोट पुन्हा सरळ झाली. मागे अजून दोन-तीन लाटा. मूर्ती करकरली, पण बांधलेली राहिली. बायकांनी जीभ हलवत उलूध्वनी केला, बंगालणी मंगल प्रसंगी करतात तसा. सुहासिनीबाईंनी माझा नारळ घेतला आणि नदीत सोडला. तो तरंगत कलकत्त्याकडे निघाला.

पलीकडे पाहिलं तर धक्क्याचा तराफा साखळदंडासकट उचलून काठावर आपटलेला. फळ्या उतरवायची जागा होती तिथे नुसता फेस.

 साहेबांनी खिशातून तो कागद पुन्हा काढला, पेन उघडलं, आणि थांबले. कारण रोजनिशीतली ओळ शाईची होती. रोजनिशीचं पान फाडता येत नाही, खोडता येत नाही. कंपनी दर महिन्याला ती तपासते. हुकूम मोडणारा म्हणून नोंदलेल्या माणसाला त्याच दिवशी कायम केलं, हे वर कुणाला पटणार?

"खडपे," ते म्हणाले, "या ओळीचं काय करायचं?"

"तिच्याखाली दुसरी लिहायची, साहेब. नदीत आम्ही तसंच करतो. पाण्याच्या खोलीचा चुकलेला आकडा खोडत नाही, खाली बरोबर लिहितो."

साहेबांनी लिहिलं. मी शिडीवर चढून वाचलं: घाटावरील घड्याळ चोवीस मिनिटे पुढे असल्याने.

"वाक्य अपुरं आहे," सुहासिनीबाई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या. "पुढे असल्याने काय?"

"त्यांना कळेल."

"मला नाही कळत. मी काही वरच्यांपेक्षा कमी शहाणी आहे का?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पेन दोनदा टेकलं, दोनदा उचललं. मग त्यांनी उरलेलं वाक्य एका दमात लिहिलं: सुपरिंटेंडंटचा हुकूम चुकीचा होता, सारंगाने तो मोडला म्हणून बोट वाचली. आणि त्याच ओल्या निबाने शेजारच्या कागदावर सही केली. माणूस इस्त्रीचा होता, पण कापड चांगलं होतं, हे मी त्या दिवसापासून मंडळात सगळ्यांना सांगत आलो आहे.

मनोहरबाबूंना घड्याळ मागे घ्यायचा लेखी हुकूम गेला. त्यांनी तो काचेत बसवून घड्याळाखाली टांगला. काटे होते तिथेच राहिले.

पुढच्या माघी चतुर्थीला मंडळाची सहल पुन्हा सरयूवरून निघाली. कालिंदीबाई मुलीला घेऊन महिन्यापूर्वी आल्या होत्या. पेरूच्या झाडाखाली त्यांची तुळस लागली होती. बुटक्या, सावळ्या, आणि नजर अशी की मी पोस्टकार्डांबद्दल आपणहून माफी मागून टाकली. "वाचलीत ना?" त्या म्हणाल्या. "मग बंगालीण यांनी ठेवली होती की तुम्ही, ते कळलंच असेल तुम्हाला." ही बातमी जयगडपर्यंत कशी गेली, देव जाणे.

तीन वाजता सरयू गाळाच्या पट्टीजवळ आली. श्यामरावाने वळसा घ्यायला सुकाणू फिरवलं. कालिंदीबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी काठावरच्या ओल्या चिखलाची रेघ पाहिली, पाण्यात पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि वर मान करून हाक मारली.

"अहो! दोन तास नव्हे हं. पावणेदोन."

"काय?"

"तुम्ही जेवण झाल्यावर आठवून लिहिलंत. मला तेव्हाच वाटलं होतं."

श्यामरावाने सुकाणू खलाशाच्या हाती दिलं, खिशातला खडू काढला आणि सुकाणूच्या खोलीच्या फळीवर लिहिलेल्या जुन्या आकड्याखाली नवा लिहिला.